नामूरचा किल्ला आणि कामगारांचा रविवार



चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांनी आमच्यासाठी विषय ठरवूनच ठेवला होता : ‘कामगार चळवळीपुढील आजचे प्रश्न’. आम्ही उलट कळविले की आम्ही बेल्जममधील एका मोटारसायकल-शर्यतीच्या मैदानाचा इतिहास सांगू. त्यावर चालकांचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा, आपले ऐकण्यात काही चूक झाली नाही ना हे विचारायला. आणि दुसऱ्यांदा, आमची प्रकृती बरी आहे ना हे विचारायला. प्रकृती उत्तम आहे. विषयही तोच आहे. आणि तास संपेपर्यंत चालकांनाही असे वाटेल, अशी आमची उमेद आहे, की आम्ही त्यांनी दिलेल्या विषयावरच बोललो.

प्रथम एक कबुली देऊन टाकतो. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे शिकलो ते खात्यात, संघटनेच्या कचेरीत आणि रद्दीच्या दुकानात. फ्रेंच आम्हांला येत नाही. कोश उघडा ठेवून ओळ ओळ लावीत गेलो. नामूर आम्ही डोळ्यांनी पाहिलेले नाही. तिथल्या शर्यतींची जुनी चित्रे पाहिली, फिती पाहिल्या, मिळेल ते वाचले. तेव्हा प्रवासवर्णनाची अपेक्षा करून कोणी आले असेल तर त्यांची आम्ही आधीच क्षमा मागतो.

या विषयाच्या नादी आम्ही कसे लागलो ते सांगितले पाहिजे, कारण तो नाद शौकाचा नव्हता. आमच्या संघटनेकडे दुचाकी बनविणारा एक कारखाना होता. नाव घेण्याचे कारण नाही. गाडी तयार झाली की ती चालवून पाहणारी माणसे असतात, त्यांना टेस्ट रायडर म्हणतात. त्यांच्यासाठी आवारात मुद्दाम खराब रस्ता बांधलेला असतो. दगडांचा, खाचांचा, उंचवट्यांचा. आपल्या गावचा रस्ता फुकट खराब होतो, तिथे तो पैसे खर्चून खराब करतात, इतकाच फरक. त्या रस्त्यावर ही पोरे दिवसाचे सहा सहा तास गाडी हाकीत. एके दिवशी त्यांतला एक, तिशीही न गाठलेला, आमच्यासमोर येऊन उभा राहिला. बसा म्हटले तर म्हणाला, “दादा, बसवत नाही म्हणूनच आलोय.” कंबर गेली होती. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की हा कामाचा आजार नव्हे. त्याची प्रकृतीच तशी. शिवाय जगभर लोक याच गाड्या डोंगरावरून हौसेने उडवतात, त्यांच्या कंबरा कुठे जातात?

हे शेवटचे वाक्य आमच्या डोक्यात राहिले. संघटकाला एक खोड असते. समोरच्याने दाखला दिला की तो तपासून पाहायचा. डोंगरावरून हौसेने गाड्या उडवणारे हे लोक कोण, कुठे उडवतात, किती वेळ उडवतात, आणि त्यांच्या कंबरांचे काय होते, हे शोधायला आम्ही निघालो आणि नामूरच्या किल्ल्यावर जाऊन पोचलो.

बेल्जमच्या दक्षिण भागात, वालोनियात, साँब्र आणि म्यूज या दोन नद्यांचा संगम आहे. संगमाच्या बेचक्यात एक डोंगर उभा आहे आणि डोंगरावर किल्ला. खाली नामूर शहर. किल्ल्याशिवाय ज्यांना इतिहास ठाऊक नाही अशा आपणां मंडळींना ही जागा सांगायला वेळ लागायचा नाही. दोन नद्या, मध्ये डोंगर, म्हणजे तिथे तटबंदी होणारच आणि ती घ्यायला कोणी ना कोणी येणारच. १६९२ साली फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः फौज घेऊन आला. त्याच्या बाजूने वेढ्याची आखणी केली व्होबाँने आणि आतून किल्ला लढवला कूहोर्नने. दोघेही दुर्गशास्त्रातले त्या काळचे महारथी. किल्ला पडला. १६९५ साली इंग्लंडच्या तिसऱ्या विल्यमने तो पुन्हा घेतला. याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते हे आठवा : राजाराम महाराज जिंजीत होते आणि झुल्फिकारखानाचा वेढा बाहेर पडून होता. डोंगर, तट, वेढा आणि उपाशी शिपाई यांची भाषा सगळीकडे सारखीच.

पुढे एकोणिसाव्या शतकात डच लोकांनी हा किल्ला नव्याने बांधून काढला. पण तोफा बदलल्या आणि असल्या किल्ल्यांचे दिवस भरले. शतकाच्या अखेरीस शहराभोवती लांब अंतरावर नवे नऊ किल्ले उभारले गेले. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनांच्या जड तोफांनी तेही काही दिवसांत निकालात काढले. संगमावरच्या जुन्या किल्ल्याचा बराचसा भाग त्याआधीच लष्कराला नकोसा होऊन शहराकडे आला होता. तिथे वळणावळणाचे रस्ते झाले, झाडे लागली, वर एक मोठे मैदान आणि प्रेक्षकांना बसायची जागा झाली. ज्या डोंगरावर पूर्वी रयतेला पाऊल टाकता येत नव्हते, तिथे ती रविवारी फिरायला जाऊ लागली. आमच्या मते त्या किल्ल्याच्या इतिहासातला खरा विजय हा होय. पण त्याची नोंद कुठल्या शिलालेखात सापडत नाही.

आता शर्यतीकडे येऊ. रस्ता सोडून रानातून, चिखलातून, टेकडीवरून मोटारसायकली पळवण्याचा प्रकार इंग्लंडात सुरू झाला. १९२४ साली सरे परगण्यात कँबर्ली येथे झालेली शर्यत ही पहिली मानली जाते. इंग्रज त्याला ‘स्क्रँबल’ म्हणत. हातापायांनी धडपडत, धक्काबुक्की करीत चढणे असा त्या शब्दाचा अर्थ. आपल्या लोकलच्या फलाटावर सकाळी साडेआठला जे चालते ते. खाडीपलीकडे फ्रेंच आणि बेल्जियन लोकांनी ‘मोटोसिक्लेत’ आणि ‘क्रॉस-कंट्री’ यांची मोट बांधून ‘मोटोक्रॉस’ हे नाव केले आणि तेच जगभर रुजले.

दुसरे महायुद्ध संपले आणि या खेळाला भरती आली. युद्धातून परतलेली, गाडी चालवता आणि दुरुस्त करता येणारी तरुण मंडळी होती. पेट्रोल आणि पैसा दोन्ही कमी होते. गुळगुळीत रस्त्यावरच्या शर्यतीला महाग गाडी लागते. रानातल्या शर्यतीला रोजच्या गाडीचे दिवे आणि पत्रे काढून टाकले तरी भागत असे. १९४७ साली हॉलंडमध्ये राष्ट्राराष्ट्रांमधील पहिली मोटोक्रॉस शर्यत झाली आणि त्याच वर्षी नामूरच्या किल्ल्यावर मोटारसायकली चढल्या. तिथून साठ वर्षे, म्हणजे २००७ पर्यंत, उन्हाळ्यात तो डोंगर गर्जत राहिला. १९५१ साली राष्ट्रांची शर्यत नामूरलाच भरली आणि यजमान बेल्जमने ती जिंकली.

हे मैदान मैदान नव्हतेच. वर्षभर तिथे शर्यतीची एकही खूण नसायची. मुले खेळायची, म्हातारी माणसे बाकांवर बसायची. शर्यतीच्या आठवड्यात झाडांना गवताच्या पेंढ्या बांधीत, दोऱ्या ओढीत, फळ्या ठोकीत. वरच्या मोकळ्या मैदानातून गाड्या सुटत आणि थेट झाडीत शिरत. आत उजेड कमी, वाट अरुंद, दोन्ही बाजूंना जुनी उंच झाडे. उतारावर मुळे आणि दगड. मध्येच डांबरी रस्ता ओलांडायचा, म्हणजे मातीवर धरणारी चाके एकदम घसरणार. वाटेत एक उपाहारगृह होते. गाड्या त्याच्या इतक्या अंगावरून जात की टेबलाशी बसलेल्या माणसाच्या पेल्यात माती पडावी. तिथे बसून शर्यत पाहणे हा मोठा मान समजत. सपाट जागा मिळणे मुश्कील. चढ तरी किंवा उतार तरी. वर्षात एकदाच वाट मोकळी व्हायची म्हणून सरावाची सोय नाही. श्रीमंताच्या पोराने महिनाभर आधी येऊन वाट पाठ करावी, असे तिथे चालत नव्हते. म्हणून स्वार म्हणत की जो नामूरला जिंकतो तो खरा.

आता आमचा मुद्दा. या डोंगरावर हजारो माणसे जमत. ती कोण होती? खाणीत, पोलादाच्या भट्ट्यांवर, काचेच्या आणि हत्यारांच्या कारखान्यांत राबणारी माणसे बायकामुलांसह, भाकरी बांधून येत. वालोनिया हा त्या काळी कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख. आणि शर्यत रविवारी असे. क्रीडेच्या इतिहासाची जाड पुस्तके आम्ही चाळली. स्वारांची नावे आहेत, इंजिनांच्या आकड्यांची कोष्टके आहेत. पण हा रविवार आला कोठून, हे कोणी विचारीत नाही. जणू रविवार आकाशातून पडतो!

तो पडत नाही, श्रोतेहो. तो मिळवावा लागतो. बेल्जममध्ये रविवारच्या सुट्टीचा कायदा झाला १९०५ साली. आठ तासांचा दिवस कायद्याने आला १९२१ साली. जून १९३६ मध्ये अँटवर्पच्या गोदीतून संप पेटला, खाणींत गेला, पोलादात गेला, देशभर पसरला. आणि त्या जुलैत वर्षाला सहा दिवसांच्या पगारी रजेचा कायदा झाला. सहा दिवस! त्यापूर्वी त्या देशातल्या मजुराला काम सोडून पगार फक्त स्वप्नात मिळत असे. अकरा वर्षांनी नामूरच्या किल्ल्यावर पहिली शर्यत सुटली, तेव्हा दोरीपलीकडे उभ्या असलेल्या त्या गर्दीच्या खिशात वेळ होता. वेळ नसता तर गर्दी नसती, आणि गर्दी नसती तर शर्यत कोणी भरवली असती?

आपल्याकडची हकीकत याहून जुनी आहे आणि आपल्याला तिचा विसर पडला आहे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. सण आला, यंत्र बिघडले, तरच विसावा. जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगाराला रविवार मिळाला. आपण रविवारी क्रिकेट पाहतो, तमाशाला जातो, दुपारी मटण जेवून झोपतो. त्या झोपेत दर रविवारी एक घोरणे लोखंड्यांच्या नावे असायला हरकत नाही.

आता किल्ल्यावर पळणाऱ्या गाड्या कोण बनवीत होते ते पाहू. लिएजजवळ हेर्स्ताल नावाच्या गावी एफएन या नावाचा मोठा कारखाना आहे. तो १८८९ साली निघाला तो बेल्जमच्या सैन्याला दीड लाख रायफली पुरवण्यासाठी. आमच्या श्रोत्यांत कोणी माजी सैनिक असतील तर त्यांनी या घराण्याचा वंशज हातात धरला आहे : आपल्या फौजेची जुनी एसएलआर रायफल याच कारखान्याच्या एफएएल या बंदुकीवरून बेतलेली होती. बंदुकांबरोबर हा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभापासून मोटारसायकलीही काढीत असे. १९५२ साली या खेळात युरोपचे पहिले अजिंक्यपद ठेवले गेले, ते बेल्जमच्या व्हिक्टर लेलूने एफएनच्या गाडीवर जिंकले. १९५८ साली त्याच कारखान्याच्या गाडीवर रने बाटेन जगज्जेता झाला. दोन वर्षांनी, १९६० साली, एका शर्यतीतच तो मरण पावला. या खेळाची किंमत सांगताना हे नाव गाळू नये.

त्याच कारखान्यातली दुसरी एक शर्यत आम्हांला अधिक मोठी वाटते. १६ फेब्रुवारी १९६६ रोजी हेर्स्तालच्या सुमारे तीन हजार स्त्रियांनी यंत्रे बंद केली. या बायका तेलात भिजलेल्या खात्यांत यंत्रांवर उभ्या राहून सुटे भाग काढीत, आणि त्यांच्या मजुरीची पायरी पुरुष झाडूवाल्यापेक्षाही खाली होती. रोमच्या करारातले एकशेएकोणिसावे कलम १९५७ सालीच लिहून ठेवले होते की सारख्या कामाला स्त्रीपुरुषांना सारखे वेतन. कागद नऊ वर्षांचा झाला, पण कागदाला पाय फुटले नव्हते. ते या बायकांनी लावले. बारा आठवडे संप चालला. त्यांच्या हातचे भाग येईनात म्हणून पुरुषांचीही कामे थांबली. तासाला पाच फ्रँक वाढ मागितली होती, पावणेतीन पदरात पडले. कोणी म्हणेल, निम्मेच मिळाले. पण त्या पावणेतीन फ्रँकांचा आवाज युरोपभर गेला आणि ते एकशेएकोणिसावे कलम वकिलांच्या कपाटातून कारखान्याच्या दारात आले. आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. तो कितपत पाळला गेला हे इथे बसलेल्या भगिनींनी सांगावे, आम्ही मान खाली घालू.

या संपातल्या बायका नामूरच्या शर्यतीला जात होत्या की नाही हे आम्हांला सांगता यायचे नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की विजयस्तंभावर स्वाराचे आणि कारखान्याचे नाव कोरतात. नट कोणी कातला, ते कोरीत नाहीत. म्हणून कधी कधी उलटून पाहावे.

साठीच्या दशकात या किल्ल्यावरचे वारे फिरले. जड, चार फटक्यांच्या इंजिनांच्या गाड्या, सुमारे दीडशे किलोच्या घरातल्या, मागे पडू लागल्या. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यातला जेफ स्मिथ १९६४ आणि १९६५ साली हलक्या केलेल्या गाडीवर जगज्जेता झाला, पण तो दिवा विझण्यापूर्वी मोठा झाला होता. चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडची दोन फटक्यांची इंजिने पुढे आली. आपल्याकडची येझदी आठवा. मुंबईच्या रुस्तम इराणींनी म्हैसूरला काढलेल्या कारखान्यातली ती गाडी चेक जावाचीच मुलगी, म्हणजे सीझेडच्या माहेरची. मग जपानी आले. बेल्जमचा जोएल रोबेर १९७० साली सुझुकीवर जगज्जेता झाला आणि या खेळातले जपानचे ते पहिले जगज्जेतेपद ठरले. ब्रुसेल्सकडचा रोजे द कोस्टर याने १९७१ ते १९७६ या सहा वर्षांत पाच वेळा पाचशे सीसीचे जगज्जेतेपद मिळवले. गाड्या इतक्या हलक्या होत चालल्या की १९७३ साली किमान वजनाचा नियम करावा लागला.

शर्यतीत स्वार बेल्जियन आणि गाडी जपानी, हा नामूरच्या प्रेक्षकांना आनंदाचा देखावा होता. पण दोरीच्या अलीकडे उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्याच्या मनात दुसरेही काही येत असले पाहिजे. एफएनने मोटारसायकली काढणे बंद केले. बीएसए १९७३ पर्यंत कोसळली. इंग्लंडात मेरिडन येथील ट्रायंफ कारखाना बंद करण्याची घोषणा १९७३ साली झाली तेव्हा कामगारांनी फाटकाला वेढा घातला, आणि १९७५ पासून १९८३ पर्यंत तो कारखाना सहकारी तत्त्वावर स्वतः चालवला. शेवटी तोही बुडाला. मालकांनी वीस वर्षे यंत्रे बदलली नाहीत, संशोधनाला पैसा दिला नाही, आणि जपान पुढे गेल्यावर दोष कामगाराच्या आळसावर ढकलला. हे गाऱ्हाणे मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अर्थात आमच्या बाजूचेही सांगतो. संघटनांनीही नव्या यंत्राकडे कित्येकदा शत्रू म्हणून पाहिले. किल्ला आतूनही पडतो.

आता आमच्या त्या टेस्ट रायडरच्या कंबरेकडे येतो, कारण तीसाठी हा सगळा उपद्व्याप. जुन्या चित्रांत आम्हांला एक गोष्ट दिसली. नामूरच्या प्रत्येक स्वाराच्या कमरेला हातभर रुंद चामडी पट्टा आवळलेला असे. म्हणजे १९५० च्या सुमारास त्या लोकांना कळले होते की हा खेळ कंबर आणि कोठा मागतो. पुढे यंत्रातही उपाय निघाला. पूर्वी मागचे चाक जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर वरखाली हलत असे. सगळा धक्का माणसाच्या मणक्यात. लुसियाँ तिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याने मागच्या चाकासाठी एकच लांब शॉकअप बसवण्याची रचना काढली. ती यामाहाने घेतली आणि १९७३ साली स्वीडनचा होकान अँडरसन तिच्यावर जगज्जेता झाला. पुढे चाकाचा प्रवास तीस सेंटिमीटरपर्यंत गेला. जो धक्का पूर्वी हाडे झेलीत, तो आता स्प्रिंग आणि तेल झेलू लागले. आज तुमच्या आमच्या साध्या गाडीला असलेल्या एकेरी शॉकअपची वंशावळ त्या चिखलात सापडते.

आणि वेळ किती? त्या काळी शर्यतीच्या दोन फेऱ्या असत, प्रत्येकी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या. म्हणजे जगातले निवडक, व्यायामाने कमावलेले, पट्टा बांधलेले जवान आठवड्यातून एक दिवस दीड तास हे धक्के खातात, आणि त्यावर लोक त्यांना वीर म्हणतात. आमचा पोरगा दगडी रस्त्यावर दिवसाला सहा तास, आठवड्यातून सहा दिवस, कंत्राटी मजुरीवर, पट्ट्याशिवाय. त्याला कोणी वीर म्हणत नाही. त्याला ‘प्रकृतीच तशी’ म्हणतात.

हा हिशेब आम्ही एका कागदावर मांडला, वर नामूरचे चित्र चिकटवले, आणि वाटाघाटीच्या टेबलावर ठेवला. समोरचे साहेब स्वतः मोटारसायकलीचे शौकीन होते. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिले. म्हणाले, “हे तुम्हाला कुठे मिळाले?” आम्ही म्हटले, “साहेब, दाखला तुम्हीच दिला होता. आम्ही फक्त तपासला.” मग एका अस्थिरोगतज्ज्ञाला मध्ये घेतले. त्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले की पट्टा बांधून प्रश्न सुटत नाही, तास कमी करा. सात महिने बोलणी चालली. शेवटी खराब रस्त्यावरचे काम दिवसाला दोन तासांवर आले, माणसे आळीपाळीने बदलायचे ठरले, वर्षातून एकदा मणक्याची तपासणी कारखान्याच्या खर्चाने. नुकसानभरपाई मात्र तुटपुंजी मिळाली. ज्याच्यामुळे हे झाले तो पोरगा पुन्हा गाडीवर बसू शकला नाही. तो भांडारात हिशेब लिहू लागला. पावणेतीन फ्रँक! आम्ही मनात म्हटले. मागितले पाच, मिळाले पावणेतीन.

नामूरची अखेर सांगून आटोपते घेतो. पुढच्या काळातही तिथे मोठे स्वार आले. दहा जगज्जेतीपदे आणि एकशेएक जागतिक शर्यती जिंकणारा स्तेफान एव्हर्ट्स हा बेल्जमचाच. त्यानेही त्या झाडीत विजय मिळवले. पण खेळाचा व्यापार झाला होता. भल्यामोठ्या मालमोटारी, तंबू, दूरचित्रवाणीचा सरंजाम, पाहुण्यांसाठी मंडप. या सगळ्याला सपाट जागा लागते. डोंगरावर ती कोठून आणायची? वेगही वाढला होता आणि झाड काही बाजूला सरत नाही. शेजाऱ्यांचा आवाजाविषयीचा प्रश्न, जुन्या तटांची आणि झाडांची काळजी, हे सगळे जगभर असल्या जागांपुढे उभे राहिले तसे तिथेही राहिले. २००७ साली जागतिक शर्यत नामूरला शेवटची झाली.

ही गोष्ट ऐकून आमच्या संघटनेतली तरुण मंडळी हळहळली. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. मग विचार केला. तो डोंगर आधी राजाचा होता, मग लष्कराचा, मग शहरातल्या माणसांचा. शर्यत गेली, पण डोंगर विकला गेला नाही. तिथे कुंपण घालून मनोरे बांधले नाहीत. लोक आजही वर जातात, भुयारे पाहतात, संगम पाहतात. आणि २०११ पासून हिवाळ्यात त्याच चढांवर सायकलींच्या चिखलातल्या शर्यतीची विश्वचषक फेरी होऊ लागली. सायकलीला पेट्रोल लागत नाही, धूर नाही, गर्जना नाही. दोरीपलीकडची गर्दी मात्र तशीच उभी असते, रविवारी, थंडीत, गरम काहीतरी पीत. राजा गेला, तोफा गेल्या, इंजिने गेली, गर्दी राहिली. आम्हांला यात पराभव दिसत नाही.

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत रायगड आहे, शिवनेरी आहे आणि मघाशी सांगितलेली ती जिंजीही आहे. फार आनंद झाला. पण किल्ला वारसा ठरला की पुढचा प्रश्न हाच येतो, की तो कोणाचा? कुंपणाचा की माणसांचा? आमचे म्हणणे असे नाही की आपल्या किल्ल्यांवर मोटारसायकली चढवाव्या. कृपा करून उद्याच्या वर्तमानपत्रात तसे छापू नका. तट, टाकी आणि रानफुले यांचे मोल त्या धुरळ्याहून मोठे आहे. आमचे म्हणणे इतकेच, की वारसा जपायचा तो कोणासाठी हे विसरू नये. आणि ज्याच्यासाठी जपायचा त्याला तिथवर जायला एक रविवार मोकळा हवा.

आणि तो रविवार आज पुन्हा कमी होऊ लागला आहे. घरपोच खाणे पोचवणारी पोरे, सुरक्षारक्षक, कंत्राटावरची माणसे यांना विचारून पाहा. त्यांच्या आठवड्याला सातच दिवस असतात आणि सातही कामाचे. रस्त्यावर गाडी उडवणारा जो पोरगा आपल्याला बेदरकार वाटतो, तो शर्यत करीत नसतो. त्याच्या हातातल्या यंत्रात मिनिटे मोजली जात असतात. खड्ड्यांतून दिवसाला दहा-बारा तास तो फिरतो. नामूरच्या वीराला पट्टा होता, दोन फेऱ्या होत्या, आणि दोन फेऱ्यांनंतर टाळ्या होत्या. याला काय आहे?

‘कामगार चळवळीपुढील आजचे प्रश्न’ हा विषय चालकांनी आम्हांला दिला होता. आम्ही तो टाळला असे कोणाला वाटत असेल तर आमचे भाषण फसले. नसेल वाटत, तर आज रात्री जेवण घेऊन जो पोरगा तुमच्या दाराशी येईल, त्याला पाणी विचारा. आणि जमले तर हेही विचारा, की बाळा, तुझा रविवार कधी असतो?